वीस वर्षांनी खटकलेला गंधार

कोमल ऋषभ (धागाकर्ता)

मी व्यवसायाने हिशेबनीस आहे आणि हौसेने पेटी वाजवतो. संध्याकाळी अर्धा तास, फार तर पाऊण तास, एवढाच माझा रियाज आहे. तोही वर्षाखेरीच्या हिशेबांच्या दिवसांत दहा मिनिटांवर येतो. कोणाला साथ करण्याइतकी तयारी नाही, मंचावर कधी बसलो नाही आणि बसण्याची इच्छाही नाही. तरीही गेली वीस वर्षे ही सवय सुटलेली नाही, एवढे मात्र खरे.

पेटी माझ्या थोरल्या काकांची. साडेतीन सप्तकांची, बेचाळीस पट्ट्यांची, खर्ज आणि नर अशा दोन ओळींची. काका गेल्यावर ती माझ्याकडे आली. लहानपणी संध्याकाळी दिवे लागले की ते भिंतीला पाठ टेकून बसत आणि रोज भूप रागच वाजवत. रोज भूप का, असे कोणी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. संगीताची माझी पहिली आठवण म्हणजे तो भूप, आणि त्यातही त्यांचा गंधार. तो गंधार हलायचा. स्थिर दिव्याची ज्योत वारा नसतानाही अधूनमधून थरथरते, तसा. मला तो काकांच्या हाताचा गुण वाटत असे. पुढे मी वाजवू लागलो तेव्हा माझ्या हातूनही तो तसाच हलला आणि मला आपणही काकांसारखे वाजवतो असे वाटून मोठा आनंद झाला.

गेल्या महिन्यात नेहमीप्रमाणे तानपुऱ्याचे अ‍ॅप लावून बसलो असताना एकाएकी लक्षात आले की हा हाताचा गुण नव्हे. पेटीतला तो सूरच बिघडलेला आहे. षड्ज स्थिर, पंचम स्थिर, मध्यम स्थिर, आणि गंधारावर बोट ठेवले की लाटा. गेली वीस वर्षे रोज वाजवत असलेल्या वाद्यातली चूक मला आज कळावी, याची थोडी लाज वाटली. त्यापेक्षा जास्त वाटले ते हे की आता ती ऐकू येणे थांबत नाही. बोटे जिथे होती तिथेच आहेत, कान मात्र मला न विचारता पुढे निघून गेला आहे.

प्रश्न दोन आहेत. हा दोष नक्की कशाचा असावा? आणि दुसरा प्रश्न, जो घरात कोणाला विचारण्याची सोय नाही: तो दुरुस्त करावा का? कारागिराने तो सूर सरळ करून दिला, तर माझ्या आठवणीतला काकांचा गंधार या पेटीतून कायमचा जाईल.

भाता

पहिल्या प्रश्नाचे उत्तर पेटी न उघडता मिळू शकेल. दोन ओळींची पेटी आहे म्हणजे प्रत्येक पट्टीखाली दोन पितळी रीडा आहेत, ज्यांना कारागीर नुसते ‘सूर’ म्हणतात. एक नराचा आणि एक त्याच्या बरोबर एक सप्तक खालचा, खर्जाचा. दोन्ही तंतोतंत जुळलेले असतील तर ते एकच सूर असल्यासारखे ऐकू येतात. त्यांपैकी एक किंचित जरी सरकला तरी दोघांच्या लहरी कधी एकमेकींना भर घालतात, कधी एकमेकींना खोडतात, आणि तीच तुम्हाला ऐकू येणारी लाट असते.

म्हणून असे करा. आधी दोन्ही खुंट्या (सुरांची एकेक ओळ चालू-बंद करणाऱ्या) ओढून गंधाराची पट्टी दाबा आणि घड्याळाकडे पाहत दहा सेकंदांत किती लाटा येतात ते मोजा. मग खर्जाची खुंटी बंद करून नुसता नर ऐका, नंतर नर बंद करून नुसता खर्ज ऐका. एकेकटा सूर स्थिर असेल तर रीड धड आहे, फक्त दोघांचे जमत नाही. एकेकटा सूरही घरघरत असेल तर रीडेखाली कचरा अडकला असेल, किंवा रीडेचा खिळा सैल झाला असेल, किंवा तिला चीर गेली असेल. हवा दमट असताना लाकूड फुगते, पट्ट्या अडकतात, चामडे मऊ पडते. पण दमटपणामुळे एकाच सुराला लाटा येत नाहीत, त्यामुळे तिकडे दोष देऊ नका.

एक हात जोडून विनंती. नेटवर चित्रफिती पाहून स्वतः कानस चालवू नका. रीडेच्या मोकळ्या टोकाकडची धातू खरवडली की सूर चढतो, मुळाकडची खरवडली की उतरतो, हे खरे आहे आणि ऐकायला फार सोपे वाटते. त्या सोपेपणापायी मी माझ्या पहिल्या पेटीचे तीन सूर मारले आहेत.

तानपुऱ्याजवळ

भाता यांनी सांगितलेली तपासणी जरूर करा, परंतु तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट लक्षात घ्या, नाहीतर निर्दोष सुरालाही दोषी ठरवून बसाल. पेटीचा गंधार आणि तानपुऱ्याचा गंधार हे मुळातच वेगळे असतात.

चांगला जुळलेला तानपुरा शांतपणे ऐकला तर त्यात कोणी न लावलेला गंधार आपोआप ऐकू येतो. त्याला आपल्याकडे स्वयंभू गंधार म्हणतात. हा गंधार षड्जाच्या सव्वापट असतो. म्हणजे षड्ज ४ कंपने करील तेवढ्या वेळात गंधार ५ करतो. पेटी मात्र सप्तकाचे बारा सारखे भाग करून लावलेली असते, कारण कोणत्याही पट्टीला षड्ज मानून वाजवता आले पाहिजे. सप्तकाचे १२०० सेंट मानले तर पेटीचा गंधार ४०० वर येतो आणि तानपुऱ्याचा सुमारे ३८६ वर. चौदा सेंट हे अंतर कागदावर किरकोळ दिसते. काळी एक (सप्तकातली पहिली काळी पट्टी) हा षड्ज धरला, तर त्याची कंपने सेकंदाला सुमारे २७७. त्याचा स्वयंभू गंधार सुमारे ३४६.५ आणि पेटीतला पांढरी चारचा सूर सुमारे ३४९.२. सेकंदाला जवळजवळ तीन कंपनांचा हा फरक तयार कानाला टोचल्याशिवाय राहत नाही. पंचमाचे तसे होत नाही. तिथे फरक अवघ्या दोन सेंटांचा आहे, म्हणून तुमचा पंचम स्थिर वाटतो.

तेव्हा लाटा पेटीच्या पोटात आहेत की पेटी आणि तानपुरा यांच्या मधल्या हवेत आहेत, हे आधी ठरवा. अ‍ॅप बंद करून ऐका.

दुगुन

वरचे गणित बरोबर आहे. मात्र ते वाचून कोणी पेटी एकाच षड्जाला धरून नैसर्गिक सुरांत लावून घेण्याच्या भरीस पडू नये. हौशी मंडळींना हल्ली या गोष्टीचे वेड लागलेले दिसते. एका पट्टीत अमृतासारखी लागणारी पेटी दुसऱ्या पट्टीत गायकाच्या डोक्यात जाते. मी पंचवीस वर्षे हौशी गायकांना साथ करतो. एक काळी एकमध्ये गातो, दुसरी काळी चारमध्ये, तिसऱ्याला त्या दिवशी सर्दी झालेली असते म्हणून तो पांढरी सातवर उतरतो. पेटीने या सगळ्यांचे ऐकले पाहिजे. सगळीकडे थोडी थोडी चुकणारी पेटी कुठेच फार चुकत नाही.

धागाकर्त्याच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल मला फारसे बोलायचे नाही. सूर बिघडला असेल तर दुरुस्त करावा. आठवणी पेटीत नसतात.

कोमल ऋषभ

सगळ्यांचे आभार. रात्री घरातले दूरदर्शन बंद झाल्यावर सांगितल्याप्रमाणे तपासणी केली.

अ‍ॅप बंद ठेवले. मी काळी एक हाच षड्ज धरतो (काकांचाही तोच होता, त्यांच्या वहीत पहिल्याच पानावर लिहिलेले आहे), म्हणजे गंधार पांढरी चार. दोन्ही खुंट्या ओढल्यावर दहा सेकंदांत वीस लाटा मोजल्या. दोनदा मोजल्या, दोन्ही वेळा वीसच. नुसता नर: पूर्ण स्थिर. नुसता खर्ज: तोही स्थिर. म्हणजे भाता म्हणाले तसे दोघांचे एकमेकांशी जमत नाही.

मग सूर मोजणारे अ‍ॅप उघडून दोघांना वेगवेगळे तपासले. नर अगदी जागेवर आहे. खर्ज सुमारे दहा सेंट उतरलेला आहे. गुन्हेगार सापडला म्हणून मी खूश झालो आणि केवळ कुतूहलाने पुन्हा तानपुरा लावून दोघांना आळीपाळीने ऐकले. तेव्हा जे झाले ते मला नीट सांगता येत नाही. अ‍ॅपने बरोबर ठरवलेला नर तानपुऱ्यावर उभा राहत होता, आणि चुकीचा ठरवलेला खर्ज तानपुऱ्यात बसत होता.

उशिरा शिकलेली

मला तांत्रिक काही सांगता येणार नाही, परंतु ‘कान मला न विचारता पुढे निघून गेला’ हे वाक्य वाचून लिहावेसे वाटले.

मी बावन्नाव्या वर्षी पेटी शिकायला लागले. वर्गात माझ्या शेजारी नऊ वर्षांची मुलगी बसायची आणि माझे पलटे (सरावाच्या सुरावली) चुकले की अत्यंत नम्रपणे दुसरीकडे पाहायची. पहिली दोन वर्षे मी फार सुखी होते, कारण मला माझ्या चुका ऐकूच येत नव्हत्या. मग एका रविवारी मुलाने फोनवर माझे वादन मुद्रित करून मला ऐकवले. तोवर मी समजत होते की माझी लय सरळ चालते. प्रत्यक्षात अवघड जागा आली की मी हळू होत होते आणि ती जागा पार पडली की सुटकेच्या आनंदात पळत सुटत होते. त्यानंतर सहा महिने मला वाजवावेसे वाटेना. गुरुजींना सांगितले तेव्हा ते म्हणाले, तुमचे वादन बिघडलेले नाही, ते आहे तिथेच आहे. तुम्ही फक्त दिवा लावलात.

आता मी आठवड्यातून एकदाच मुद्रण करते आणि ते लगेच ऐकत नाही. चार दिवसांनी ऐकते. लगेच ऐकले की मला काय वाजवायचे होते तेच ऐकू येते. चार दिवसांनी जे वाजवले ते ऐकू येते. नवशिक्यांना माझी एवढीच सूचना आहे.

आणि दुगुन दादा, आठवणी पेटीत नसतात हे मला पटले नाही. माझ्या आईच्या आवाजाची एकही ध्वनिमुद्रिका नाही, परंतु ती गुणगुणायची ती एक ओळ माझ्या उजव्या हाताच्या तिसऱ्या बोटात आहे. पट्टी जागच्या जागी असेल तरच ते बोट आठवते.

खरखर

मी वाचकवर्गातला. वाजवत काहीच नाही, जुन्या ध्वनिमुद्रिका आणि कॅसेटी ऐकतो व जमेल तेवढ्या संगणकावर उतरवून ठेवतो. या चर्चेला एक पार्श्वभूमी आहे, ती सांगतो.

ज्या गंधारावर ही चर्चा चालू आहे, त्याच प्रकारच्या सुरांवरून पेटीवर एकेकाळी बहिष्कार पडला होता. वाद्य मुळात परदेशी. पॅरिसच्या अलेक्सांद्र देबँ यांनी १८४२ मध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले. ती पायांनी भाता मारण्याची पेटी. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिची हातपेटी केली आणि जमिनीवर बसून गाणाऱ्या देशात ती घरोघर गेली. मराठी संगीत नाटकाने तर तिला डोक्यावर घेतले. परंतु तिच्यात मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) नाही, कारण एका पट्टीवरून दुसरीवर जाताना मधली जागा वाजतच नाही. आणि तिचे सूर बारा ठरलेल्या जागी खिळलेले. रवींद्रनाथ टागोरांनाही ती नावडती होती. आकाशवाणीने १९४० च्या मार्चपासून तिला बंदी केली, ती १९७१ मध्ये उठू लागली. म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ देशभर घराघरांत पेटी वाजत होती आणि रेडिओवर मात्र ती नव्हती. याच काळात गोविंदराव टेंबे, पी. मधुकर यांच्यासारखे लोक तिच्यावर स्वतंत्र वादन करत होते, ही गंमत लक्षात घ्यावी. दुसरीकडे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमंट्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बावीस श्रुतींची (सप्तकातल्या सूक्ष्म सुरांची) पेटी करून पाहिली. ती फारशी रुजली नाही, पण त्यामागची तक्रार तुमच्या कानाला आज आली तीच होती.

आता माझ्या विषयाकडे येतो. काकांच्या वादनाचे एखादे मुद्रण आहे का? असेल तर हा खर्ज अलीकडे उतरला की त्यांच्या वेळेपासून तसाच होता, हे ठरवता येईल.

कोमल ऋषभ

एक कॅसेट आहे. काकूंनी हौसेने केलेली, साधारण पस्तीस वर्षांपूर्वीची. तिच्यात पहिली दहा मिनिटे भूप आहे आणि पुढे कोणाच्या तरी बारशातील गोंधळ आहे. मात्र ती वाजवून पाहिली तेव्हा षड्ज काळी एक न येता जवळजवळ पांढरी दोन येतो. म्हणजे काकांनी त्या दिवशी वेगळी पट्टी धरली होती, की कॅसेटवर विश्वासच ठेवू नये?

खरखर

विश्वास ठेवावा, पण सुराच्या उंचीवर नव्हे. कॅसेटची फीत सेकंदाला सुमारे पावणेपाच सेंटिमीटर धावायला हवी. मुद्रण करताना यंत्रातल्या बॅटऱ्या उतरलेल्या असतील तर फीत हळू धावते, आणि तीच फीत आज योग्य गतीने वाजवली की सगळे सूर चढतात. गतीत सहा टक्के फरक पडला की सूर बरोबर एक पट्टी सरकतो. काळी एकची पांढरी दोन होते ती अशी. घरगुती मुद्रणांत हे इतके सर्रास आढळते की मी आता गायकाच्या पट्टीवरून त्या घरातल्या बॅटऱ्यांचे वय सांगू शकतो.

मात्र सगळे सूर एकाच प्रमाणात सरकत असल्यामुळे त्यांची आपापसांतली अंतरे तशीच राहतात. दोन रीडांच्या भांडणातून येणाऱ्या लाटाही राहतात, फक्त किंचित जलद होतात. एक सावधगिरी बाळगा: फीत स्वतः डगमगत असेल तर तिच्यामुळेही सूर हलल्यासारखा वाटतो. ओळखायची खूण अशी की फितीचा दोष सगळ्याच सुरांना हलवतो. पंचम स्थिर आहे आणि गंधारच हलतो आहे, असे असेल तर दोष पेटीचा समजावा.

कोमल ऋषभ

काल रात्री कानाला हेडफोन लावून ती दहा मिनिटे सात वेळा ऐकली.

पंचम स्थिर आहे. षड्ज स्थिर आहे. गंधार हलतो आहे, तेव्हाही, तसाच. म्हणजे माझी आठवण खोटी नाही आणि खर्ज निदान पस्तीस वर्षे तरी उतरलेला आहे.

ऐकताना आणखी एक गोष्ट लक्षात आली, जिचा या तपासाशी संबंध नाही. अंतऱ्याच्या सुरुवातीला काका एका जागी अडखळतात, थांबतात आणि ती जागा पुन्हा घेतात. तीच जागा माझी आजही चुकते. ते मला फार तयार वाटत. ते माझ्याइतकेच हौशी होते हे मला काल पहिल्यांदा ऐकू आले, आणि त्यानंतर ती कॅसेट ऐकणे अधिक गोड झाले.

तानपुऱ्याजवळ

एक शंका मनात आहे म्हणून विचारतो. रीड आपोआप उतरते ती वयाने, धुळीने, गंजाने. आणि तसे असेल तर ती कुठलीही रीड असू शकते. परंतु तुमच्या पेटीत नेमका गंधार उतरला आहे आणि तोही नेमका स्वयंभू गंधाराच्या दिशेने. चौदापैकी दहा सेंट म्हणजे बहुतेक वाट त्याने चाललेली आहे. हे कोणी हेतुपुरस्सर केले नसेल कशावरून?

पडताळा सोपा आहे. कोणी पेटी तानपुऱ्याला धरून लावत असेल तर तो गंधारावर थांबणार नाही. धैवत आणि निषाद हेही पेटीत अनुक्रमे सुमारे सोळा आणि बारा सेंट चढे असतात. तेव्हा काळी पाच आणि पांढरी एक याही पट्ट्या दोन्ही खुंट्या ओढून ऐका. तिथेही लाटा असतील तर माझा संशय खरा.

कोमल ऋषभ

ऐकल्या. धैवतावर लाटा आहेत, पण अगदी सावकाश, सेकंदाला जेमतेम एक. म्हणून आजवर लक्षात आल्या नसाव्यात. तिथेही नर जागेवर आणि खर्जच उतरलेला आहे, सुमारे चार सेंट. निषाद मात्र स्वच्छ जुळलेला आहे, एकही लाट नाही. त्यामुळे तुमचा संशय अर्धाच खरा ठरतो. तानपुऱ्याला धरून लावणारा माणूस निषाद का सोडील?

भाता

आता पेटी उघडायला हरकत नाही. तुम्ही उघडू नका; पेट्या करणाऱ्या आणि लावणाऱ्या कारागिराकडे न्या आणि त्याने उघडल्यावर शेजारी बसा. खर्जाचा गंधार व धैवत यांच्या रीडा मुळाकडून खरवडलेल्या आहेत का, एवढेच पाहायला सांगा. कानस फिरलेली जागा पितळेवर वर्षानुवर्षे राहते. अर्थात पेटी मुळात लावतानाही कानस फिरतेच, म्हणून शेजारच्या रीडांशी ताडून पाहा. त्याला आधीच बजावून ठेवा की सूर लावायचे नाहीत. चांगल्या कारागिराला उतरलेला सूर दिसला की त्याचा हात आपोआप कानशीकडे जातो.

दुगुन

निषाद का सोडला, असा प्रश्न मोठ्या गंभीरपणे विचारला गेला आहे. धागाकर्त्याने पहिल्याच प्रतिक्रियेत नव्हे, पहिल्याच मजकुरात त्याचे उत्तर लिहिले आहे आणि आपण सगळे सेंट मोजत बसलो आहोत.

काका रोज काय वाजवत? भूप. भूपात निषाद आहे का? नाही. मध्यमही नाही. वादी, म्हणजे रागातला मुख्य सूर, कोण? गंधार. संवादी, म्हणजे त्याच्या खालोखालचा, कोण? धैवत.

आणि नर का सोडला, याचे उत्तर मी देतो, कारण मी साथीचा माणूस आहे. इतरांना साथ करायची तर बारा सारख्या भागांची सरळ ओळ लागते. ती त्यांनी नरात ठेवली. स्वतःसाठी वाजवायचे तेव्हा खर्जाची एकटी खुंटी. काका कधी एकच खुंटी ओढून वाजवत होते का, आठवा.

माझे ‘सूर बिघडला असेल तर दुरुस्त करावा’ हे मत मी मागे घेत नाही. तो बिघडलेला नाही, एवढेच.

उशिरा शिकलेली

दुगुन दादा, हे वाचताना अंगावर काटा आला.

कोमल ऋषभ

उत्तर द्यायला आठवडा लागला, कारण कारागिराने दिलेला दिवस कालचा होता.

आधी दुगुन यांच्या प्रश्नाचे उत्तर. खुंट्यांचे मला आठवत नव्हते. काकूंना विचारले. त्या म्हणाल्या की पाहुणे असले की पेटी मोठी वाजायची आणि एरवी बारीक, कारण मी देवघरात असायची. त्यांना खर्ज व नर हे शब्द माहीत नाहीत. मी फोन धरून त्यांना आधी दोन्ही ओळी आणि मग नुसता खर्ज ऐकवला, तेव्हा दुसऱ्या वेळी त्या लगेच म्हणाल्या, “हां, ही घरची.”

तेव्हा माझ्या आठवणीचा एक भाग दुरुस्त करावा लागेल. हलणारा गंधार मी ऐकला तो पाहुण्यांसमोरचा असणार. आम्ही मुलेही सुट्टीत तिथे पाहुणीच असायचो. कॅसेटही चारचौघांतली आहे. काका एकटे असताना जो गंधार वाजवत, तो हलत नव्हता.

कारागिराने फळी उचलली आणि मी काही बोलण्याआधीच ते म्हणाले की या दोन सुरांना कोणीतरी हात लावला आहे. खर्जाच्या पांढरी चार आणि काळी पाच या दोन रीडांच्या मुळाशी आडवे ओरखडे आहेत, शेजारच्या कोणत्याही रीडेवर तसे नाहीत. पांढरी चारवर ते दाट आहेत, काळी पाचवर दोन-तीनच, जणू तिथे हात लवकर थांबला. काम कारागिराचे नाही, असे त्यांचे स्पष्ट मत पडले. कारागीर इतके ओरखडे ठेवत नाही. मला पेटीच्या खोक्यातली पातळ कानस आठवली. ती तिथे वीस वर्षे वहीशेजारी पडलेली आहे आणि मी तिला नख घासायची समजत होतो.

त्यांनी भात्याची एक गळती बंद केली, कसर लागलेली पट्ट्यांखालची बनात (लोकरी कापड) बदलली आणि रीडांवरची धूळ काढली. पेटी परत आल्यावर गंधार पुन्हा मोजला: दहा सेकंदांत वीस. धैवत लावायचा राहिला असे त्यांना शेवटपर्यंत वाटत होते आणि निघताना त्यांनी मला पुन्हा एकदा विचारले. मी नको म्हणालो.

संध्याकाळी नराची खुंटी बंद ठेवून बसलो. भूप घेतला. अंतऱ्याची ती जागा पुन्हा चुकली.